प्रकरण अकरा : चुली किती?

पैसे आल्यापासून घरात स्वप्नं पडू लागली होती.

आधी पडत नसतील असं नाही, पण लक्षात राहत नव्हती. दिवसभर दोर वळून आलेला माणूस आडवा होतो तो थेट सकाळीच उठतो. मधल्या वेळाचं काय झालं हे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. आता पाच आठवडे झाले, रोज सकाळी चहा उकळेपर्यंत कोणी ना कोणी सुरू करायचंच. थोरल्या सुनेला पाणी दिसायचं, गुडघाभर, कोमट, आणि त्यात ती काहीही न करता उभी. धाकट्या मुलाला आपण मोठी गाडी चालवतोय असं दिसायचं, फक्त सीटच्या जागी अंगणातली खाट असायची. बाबांच्या स्वप्नात त्यांची गेलेली बायको येऊन दोराचा वाख पिंजत बसायची आणि चकार शब्द काढायची नाही. "जिवंतपणी एवढी गप्प कधी बसली नव्हती," बाबा म्हणायचे आणि दिवसभर खूश असायचे.

अक्का, म्हणजे बाबांची लेक, तेवढी म्हणायची, "मला नाही बाई काही पडत." तिचा चहा तोवर पिऊन झालेला असायचा, उभ्या उभ्याच.

त्या सकाळी धाकटी सून आपलं स्वप्न सांगायला लागली होती. तिनं म्हणे एक खोली पाहिली होती, जिचं दार उघडलं की पुन्हा तीच खोली. एवढ्यात कुंपणाच्या वरून काळी छत्री सरकत येताना दिसली आणि धाकटी मध्येच थांबली. छत्रीवाली बाई आली म्हणजे पोत्याचं प्रकरण निघणार, हे तिनं लगेच ओळखलं.

ते पोतं असं. दोन वर्षांपूर्वी या घरात एका वाळत घातलेल्या चादरीवरून दोन्ही जावांचं भांडण झालं होतं. चादर निमित्त होती, ते कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या संध्याकाळी धाकटीनं पडवीत वेगळी चूल मांडली आणि ती तशीच राहिली. बाबांची वाटणी झाली, महिना इकडे, महिना तिकडे. गाईचीसुद्धा झाली, सकाळचं दूध थोरलीचं आणि संध्याकाळचं धाकटीचं. मग या वर्षी छत्रीवालीची संस्था वस्तीवर आली. तिचं म्हणणं कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. प्रत्येक घराला हप्त्याहप्त्यानं पैसे देणार, फोनवर देणार, परत मागणार नाही आणि काय केलंत हेही विचारणार नाही. पलीकडच्या सुतारानं तर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की सहा महिन्यांनी हे लोक येतील आणि एकेकाचं मूत्रपिंड काढून नेतील. सांगून झाल्यावर त्यानं स्वतःच्या तिन्ही भावांच्या तीन वेगवेगळ्या चुली लिहवून घेतल्या.

छत्रीवालीनं विचारलं होतं, "चुली किती?" आणि बाबांनी, तो सुतार शेजारी उभा असल्यामुळे, छाती पुढे काढून सांगितलं होतं, "एक." मुलं वेगळी झाली हे सुताराला कळू नये म्हणून ते दोन वर्षं जिवाचा आटापिटा करत होते. सुताराला ते पहिल्याच आठवड्यात कळलेलं होतं, ही गोष्ट निराळी. पडवीतली धाकटीची चूल दिसू नये म्हणून बाबांनी तिच्यावर वाखाचं रिकामं पोतं टाकलं, आणि चूल तर अजून गरम. छत्रीवाली कागदावर लिहीत होती, पोतं धुमसत होतं, धाकटी त्याच्यापुढे पदर पसरून उभी होती आणि बाबा हसत होते. "काहीतरी जळतंय का?" छत्रीवालीनं विचारलं. "शेजारी," असं बाबा म्हणाले.

त्यामुळे सुताराच्या घरात तीन घरांचे पैसे आले आणि दोरवाल्यांच्या दोन घरांत एकाचे. फोन फक्त धाकटीचाच चालू होता, म्हणून ते तिच्या फोनवर आले.

धाकटीला त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ती उठली, दोन वर्षं ज्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता तो ओलांडला, आणि थोरलीच्या मांडीवर फोन ठेवून म्हणाली, "जाऊबाई, हा तुमच्याकडेच राहू दे. मला भीती वाटते." थोरलीनं फोन उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, "बस. चहा टाकते." त्या दिवशी एका भांड्यात चहा झाला, दुपारी एका भांड्यात भात झाला, आणि पुढे पडवीतल्या चुलीत मांजर जाऊन झोपायला लागलं. म्हणजे बाबा जे खोटं बोलले होते ते त्या पैशांनी खरं करून दाखवलं.

*

छत्रीवालीनं छत्री मिटली, खाटेवर बसली, पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली. "सुतार म्हणतात तुमच्या चुली दोन आहेत."

"सुतार काय," बाबा म्हणाले, "त्याला रंध्याखालचं लाकूड दिसत नाही धड."

"बाबा, मी भांडायला नाही आले. चूक झाली असेल तर दुरुस्त करायला आलेय. दोन चुली असतील तर दुसऱ्या घरालाही पूर्ण पैसे मिळतात." हे ऐकल्यावर थोरल्या मुलानं हातातला कप खाली ठेवला. "आमचा नियम साधा आहे. एका विस्तवावर शिजतं आणि त्यातलं जी माणसं खातात, ते एक घर. मग ती दोन असोत की बारा." तिनं आजूबाजूला पाहिलं. एक चूल पेटलेली होती, तिच्यावर एक मोठं पातेलं होतं, आणि त्याच्या दोन बाजूंना दोघी जावा गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. "मला तर आत्ता एकच दिसतेय."

बाबा पहिल्यांदाच खरं बोलल्यासारखे अवघडले.

"मला पुढच्या वस्तीवर जायचंय," छत्रीवाली उठत म्हणाली. "संध्याकाळी याच वाटेनं परत येईन. तोवर तुमचं तुम्ही बोला. वेगळी चूल आजपासून मांडलीत तरी माझी हरकत नाही, पण ती खरी हवी. मी नंतर न सांगता पुन्हा येऊन बघणार आहे, महिन्यानं, दोन महिन्यांनी. नुसतं पोतं काढून चूल दाखवू नका."

म्हणजे तिला त्या दिवशीच कळलं होतं. धाकटीला हसू आलं आणि ते लपवायला ती चुलीत फुंकर मारत बसली, जिला फुंकर मारायची काही गरज नव्हती.

*

या घरात कुठलंही बोलणं बसून होत नाही. दोर वळता वळता होतं. आणि त्या दिवशी जाड दोर वळायला घ्यायचा होता, तीन पदरी, होड्यांना लागतो तसा. तो एकदा चाकाला लावला की पुरा होईपर्यंत कोणाला जागा सोडता येत नाही. हात सुटला की पीळ उलगडतो आणि सकाळपासूनची मेहनत पाण्यात जाते.

घरामागे झाडांखाली ती लांबलचक मोकळी पट्टी आहे. तिला घरात वाट म्हणतात, जरी ती कुठेच जात नाही. एका टोकाला चाक, ते अक्का फिरवते. दुसऱ्या टोकाला थोरला, तिन्ही पदरांची टोकं एका आकड्यात अडकवून कमरेच्या पट्ट्यानं ताणून धरलेला. मध्ये धाकटा, हातात खाचांचा लाकडी ठोकळा घेऊन, प्रत्येक खाचेत एक पदर. तो ठोकळा सरकवत पुढे येतो आणि त्याच्या मागे पदर एकमेकांना मिठी मारत जातात. बाबा शेजारून चालत बोटांनी चाचपत असतात. दोघी सुना कडेला बसून वाख पिंजतात. पदर वळत जातात तसा दोर आखडतो, आणि टोकाला उभा असलेला माणूस वळून झालेला भाग कमरेच्या पट्ट्यावर गुंडाळत पाऊल पाऊल पुढे ओढला जातो. त्यामुळे भांडण शंभर पावलांवरून ओरडून सुरू होतं आणि दोर संपेपर्यंत कुजबुजीवर येतं. या घरातली सगळी मोठी भांडणं अशीच मिटलेली आहेत, किंवा मिटल्यासारखी झालेली आहेत.

"दोन सांगायच्या," थोरला लांबून ओरडला. "आपण दोन होतोच. खोटं काय त्यात?"

"होतो," धाकटा मधून म्हणाला. "आता नाही."

"मग पुन्हा होऊ. तुझी चूल आहेच पडवीत."

"तिच्यात मांजर व्यालीय."

"मांजर हलव."

थोरल्याच्या डोळ्यांपुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण गेले पंधरा दिवस तो सकाळी तेच सांगत होता. त्याच्या स्वप्नात चाक आपोआप फिरायचं. गूं असा बारीक आवाज यायचा, आणि तो आकडा धरून उभा असायचा तरी त्याची कंबर दुखायची नाही. बाजारात त्यानं तशी मोटर पाहूनही ठेवली होती. पैसे आल्यावर त्यानं वाईट काही केलं नव्हतं. बाबांचा दोन वर्षं ठणकणारा दात काढून आणला, थोरलीला चष्मा केला. थोरलीनं चष्मा लावून आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे एवढे म्हातारे कधी झाले?" मुख्य म्हणजे दोर आता वळला त्याच संध्याकाळी व्यापारी देईल त्या भावाला द्यावा लागत नव्हता. चार दिवस खुंटीला राहिला तरी चूल विझत नव्हती. व्यापारी दोनदा हात हलवत परत गेला आणि तिसऱ्यांदा भाव वाढवून आला. तो माणूस रिकाम्या हातानं परत जाताना पाहणं हे थोरल्याला कुठल्याही स्वप्नापेक्षा गोड वाटलं होतं. आणि ज्याला एकदा अशी चव लागली, त्यानं मोटरचं स्वप्न पाहिलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

"मोटर आली की दुप्पट दोर निघेल," तो ओरडला. आता तो वीस पावलं जवळ आला होता. "आणि अक्काला विश्रांती. किती वर्षं फिरवतेय ती ते चाक."

"बावीस," बाबा म्हणाले.

"बघा. बावीस वर्षं. पुरे झालं की तिला."

तो हे प्रेमानंच म्हणाला. अक्कानं ऐकलं. तिचे हात चाकावर होते आणि चाक त्याच गतीनं फिरत होतं.

"आणि अक्का कोणाच्या चुलीत लिहायची?" हे धाकटीनं विचारलं, वाखातून नजर न काढता. तिच्या मनात काहीच नव्हतं. कागदावर नावं लिहायची म्हणजे सगळी लिहायला हवीत, एवढंच.

"तुमच्यात लिहा," थोरला म्हणाला.

"आमच्यात कशाला," धाकटा म्हणाला. "सकाळी ती तुमच्याकडे जेवायची."

"आणि संध्याकाळी तुमच्याकडे."

"सकाळचं जेवण मोठं."

"अहो," थोरली चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "मला वाटायचं वन्सं संध्याकाळी तिकडे नीट जेवत असतील."

धाकटीचा हात थांबला. "आणि मला वाटायचं सकाळी तुमच्याकडे पोटभर होत असेल. म्हणून मी संध्याकाळी..." दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. दोन वर्षांचा हिशेब दोघींच्या चेहऱ्यांवर एकदमच उतरला आणि दोघींना त्याची लाज वाटली.

चाक थांबलं.

दोर वळताना चाक मध्येच थांबणं हे या वाटेवर कोणी पाहिलेलं नव्हतं. बाबा गेली साठ वर्षं इथे होते, त्यांनीही नव्हतं पाहिलं. धाकट्याच्या हातातला ठोकळा जागच्या जागी थरथरला. थोरला कंबर ताणून उभा राहिला, कारण त्याला सोडताही येत नव्हतं.

"अक्का, हात दुखला का गं?" त्यानं विचारलं.

"नाही," अक्का म्हणाली. तिनं चाकाचा दांडा घट्ट धरून ठेवला होता, पीळ सुटू नये म्हणून. "दुसरी चूल माझी लिहा."

*

बावीस वर्षांपूर्वी अक्का एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली होती. नवरा बंदरावर कामाला गेला होता. तिथून दोन पत्रं आली, तिसरं आलंच नाही. वर्षभर सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं आणि मग एक दिवस पेटी अंगणात आणून ठेवली. त्या वेळी बाबा तिला म्हणाले होते, "हे घर तुझंच आहे." ते मनापासून म्हणाले होते. पण हे घर तुझंच आहे म्हणजे नेमकी कुठली खोली, कुठला कोपरा, कुठली खुंटी, हे बावीस वर्षांत कोणी बोललं नाही. तिची पेटी आधी माजघरात होती, मग थोरल्याचं लग्न झालं तशी ती पडवीत गेली. धाकट्याचं झालं तशी वाखाच्या खोपटात. खोपटाला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. चादरीवरून भांडण झालं त्या संध्याकाळी सगळ्यांची वाटणी झाली तेव्हा ती चाकापाशी बसली होती. तिला वाटलं, आता आपलं नाव येईल. गाईचं आलं. तिचं आलं नाही.

आणि आता चाकही जाणार होतं. ते जाईल तेव्हा सगळे तिला म्हणतील, बस आता निवांत. कुठे बसू, असं ती विचारणार नाही, आणि मग ती मेल्यावर सगळे रडतील. अक्कानं हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात स्पष्ट पाहिलं, एखाद्या स्वप्नात दिसावं तसं, आणि तिला खूप राग आला. कोणा एकाचा नाही. तिचे भाऊ तिला कधी वेडंवाकडं बोलले नव्हते, तेच तर अवघड होतं.

"आधी हा दोर पुरा करू," ती म्हणाली आणि चाक पुन्हा फिरायला लागलं. "बोलत राहा. मी ऐकतेय."

दोर आखडत होता आणि थोरला पाऊल पाऊल जवळ येत होता.

"म्हणजे मोटर नाही," तो शेवटी म्हणाला. आता त्याला ओरडावं लागत नव्हतं.

"मोटर तुम्ही घ्या ना, तुमच्या पुढच्या हप्त्यातून. नाहीतर मला चाकाची मजुरी द्या. मला दोन्ही चालेल."

"मजुरी? बहिणीला?"

"सुताराला देता तशीच," अक्का म्हणाली. "चाकाचा दांडा दुरुस्त करायला आला की देता ना?"

धाकटा खाली मान घालून हसला. थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं तसा तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोस. बरोबरच आहे तिचं."

"तू आत्ता तिच्या बाजूनं झालास?"

"मी कोणाच्या बाजूनं नाही. मला एकाच चुलीवरचा चहा आवडायला लागलाय, एवढंच. दोन चुली केल्या की ही," त्यानं धाकटीकडे हनुवटी केली, "पुन्हा रात्री तोंड फिरवून झोपणार. अक्काची वेगळी असली तर आपली एक राहते."

"लोक काय म्हणतील?" बाबा म्हणाले. ते दोरावर हात ठेवून उभे होते आणि त्यांचा आवाज बारीक झाला होता. "म्हाताऱ्यानं लेकीला वेगळं काढलं म्हणतील. सुतार तर गावभर सांगेल."

"बाबा, तुम्ही कुठे काढताय," अक्का म्हणाली. "मी निघतेय. आणि लांब कुठे, खोपटापर्यंत. आत्तासुद्धा मी तिथेच झोपते."

"कागदावर खोटं लिहायचं?"

हे बाबांनी विचारलं म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ते कळलं आणि त्यांनी दोराचं टोक तपासायला घेतलं.

"खोटं नाही लिहायचं," अक्का म्हणाली. "मी आजपासून तिथेच शिजवणार, तिथेच खाणार. ती महिन्यानं येऊ दे नाहीतर वर्षानं. मला आवडेल ती आली तर."

थोरला तोवर चाकापासून आठ पावलांवर आला होता. दोर पुरा झाला होता. नियमाप्रमाणे त्यानं आकडा काढून टोक गाठवायला हवं होतं, पण तो तसाच उभा राहिला, बहिणीच्या समोर, दोघांच्या मध्ये तो नवा कडक दोर. त्याला तिच्या हातांवरचे घट्टे दिसले. ते त्यानं याआधी पाहिले नव्हते असं नाही.

"मला कळलं असतं तर..." तो म्हणाला.

"तुला कळलं नाही," अक्का म्हणाली. "म्हणून तर सांगतेय."

त्यानं टोक गाठवलं आणि दोर खांद्यावर टाकून निघून गेला. तो रागावला होता. पण पाच मिनिटांनी तो परत आला ते तीन चांगले दगड घेऊन. ते त्यानं खोपटाच्या बाहेर ठेवले आणि पुन्हा गेला.

*

दुपारभर दोघी जावा भांड्यांवरून भांडल्या. हे भांडण निराळं होतं. थोरली म्हणायची वन्संना माझं पातेलं दे, धाकटी म्हणायची तुमचं बूड पातळ आहे, माझं द्या. थोरली म्हणाली, "तुला माझ्या पातेल्यात खोट काढायला निमित्तच लागतं." आणि मग दोघी घाबरून गप्प झाल्या, कारण दोन वर्षांपूर्वीचं भांडण याच सुरात सुरू झालं होतं. मग धाकटीनं दोन्ही पातेली उचलून अक्काकडे नेली. अक्कानं जाड बुडाचं ठेवून घेतलं आणि पातळ परत पाठवलं. थोरली म्हणाली, "वन्संना स्वयंपाकातलं कळतं हो." धाकटी म्हणाली, "मी काय म्हणत होते मग?"

"वन्सं, पैसे आले की काय करणार?" थोरलीनं विचारलं. तिनं चष्मा नीट बसवला होता, उत्तर नीट दिसावं म्हणून.

"दार बसवीन," अक्का म्हणाली. विचार करायला तिला एक क्षणही लागला नाही. "आतून कडी असलेलं."

"आतून कशाला? इथे कोण येतंय?"

"कोणी नाही येत गं. पण लावून बघायचीय."

थोरली वाकून चुलीजवळची जमीन हातानं सारखी करू लागली, आणि ती सारखी झाल्यावरही करत राहिली. उन्हं कलली होती. झाडांच्या सावल्या वाटेवर आडव्या पडल्या होत्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या तिघी एकाच कामाला वाकलेल्या होत्या, जरी ते काम एकीला वेगळं करण्याचं होतं. धाकटीला वाटलं, हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय, ही जमीन, हे ऊन, या दोघी. मग तिला वाटलं, नाही, हे आपण पुढे कधीतरी स्वप्नात पाहणार आहोत.

*

छत्रीवाली आली तेव्हा छत्री मिटलेली होती आणि तिचे पाय धुळीनं माखले होते. तिनं आधी घरातली चूल पाहिली. मग पडवीतली पाहिली, तिथून मांजर तिच्याकडे बघत होतं. मग बाबा तिला मागे घेऊन गेले. खोपटापुढे तीन दगडांवर पातेलं रटरटत होतं आणि अक्का समोर बसलेली होती, मांडी घालून.

"आजच मांडलीत?"

"आजच."

"उद्या असेल?"

"उद्या असेल," अक्का म्हणाली.

छत्रीवालीनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग कागद काढला आणि तिथेच जमिनीवर बसली. घरातले सगळे थोड्या अंतरावर उभे राहिले होते, एखाद्याचा फोटो काढताना बाकीचे उभे राहतात तसे.

"घरात माणसं किती?"

"एक."

"काम काय करता?"

"दोर वळते. चाक माझं असतं."

"कुटुंबप्रमुख कोण?"

अक्कानं सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे बाबा होते, थोरला होता, धाकटा होता. कोणी पुढे आलं नाही. थोरला जमिनीकडे बघत होता.

"मी," अक्का म्हणाली.

छत्रीवालीनं ते लिहिलं. हे लिहायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. फोनबद्दल विचारलं, नाही म्हटल्यावर तिनं सांगितलं की पुढच्या आठवड्यात वस्तीच्या शाळेत या, साधा फोन मिळेल, कसा वापरायचा तेही शिकवतील. मग ती उठली, कपडे झटकले आणि जाताना बाबांना म्हणाली, "तर बाबा, चुली दोन."

"दोन," बाबा म्हणाले. शेजारच्या कुंपणावरून सुतार बघत होता, तरी ते मोठ्यानंच म्हणाले.

ती गेल्यावर सगळे घरात गेले. घरातून बोलण्याचे, भांड्यांचे आवाज येऊ लागले. रोज त्या आवाजांच्या मधोमध कुठेतरी उभी राहून अक्का जेवायची. आज ते तिला बाहेरून ऐकू आले, आणि तिला वाटलं होतं तसं रडू आलं नाही. थोडं बरं वाटलं, थोडी भीती वाटली. भात शिजला होता. बटाट्याच्या फोडी परतून तिनं त्यात मीठ टाकलं, चव पाहिली, आणि आणखी थोडं टाकलं, कारण तिला खारट आवडायचं आणि ते इतकी वर्षं कोणाला माहीत नव्हतं. मग तिनं ताटलीत वाढून घेतलं आणि ती बसली.

पहिला घास हातात असताना बाबा आले. घरात सगळ्यांची पंगत बसली होती, तिथून ते उठून आले होते. हातात रिकामी ताटली होती. तिच्यापुढे येऊन ते उभे राहिले.

"काय केलंयस?" त्यांनी विचारलं.

"भात. बटाटा."

"मलाही वाढ थोडं. आज इथेच जेवतो."

अक्काचा हात पळीकडे गेला. तो आपोआपच गेला, बावीस वर्षं जात आला होता तसाच. मग तो पळीवर थांबला. तिनं वडिलांकडे पाहिलं. तिचा या माणसावर जीव होता. त्यानं ते पोतं गरम चुलीवर टाकलं होतं ते त्याला घर एक हवं होतं म्हणूनच, हे तिला माहीत होतं.

"बाबा, आज नको," ती म्हणाली. "आज मी एकटी जेवते. तुम्ही उद्या या."

बाबा ताटली घेऊन उभे राहिले. त्यांना या घरात, या अंगणात, या वाटेवर आजवर कोणी नको म्हटलं नव्हतं, आणि या मुलीनं तर कधीच नाही. ते रागावतील असं अक्काला वाटलं. तिनं घास खाली ठेवला नाही.

"उद्या किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

अक्कानं विचार केला. अशी वेळ तिला कोणी विचारलेली नव्हती, त्यामुळे तिला थोडा वेळ लागला.

"दिवस मावळायच्या आधी या," ती म्हणाली. "आणि ताटली आणू नका. पाहुण्यानं स्वतःची ताटली आणायची नसते."

"बरं," बाबा म्हणाले. ते वळले आणि घराकडे चालू लागले, आणि अक्कानं पहिला घास तोंडात घातला.